कस्ब्यातलं हायस्कूल, पहिली साठ वर्षं : प्रकल्प नोंदी

९ मे २०२४, गुरुवार

जुन्या बडोदे संस्थानातल्या एका कस्ब्याच्या हायस्कूलचं दप्तर आज बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या खोलीत आलं. खोली पहिल्या मजल्यावर आहे आणि ते मुद्दाम पाहूनच घेतली आहे. शाळेच्या समितीला महोत्सव करायचा आहे. त्यांना हवी आहे स्थापनेची तारीख. आपल्याला शोधायचं आहे ते जास्त आहे : वर्ग कोणत्या क्रमाने उघडले, मुलं कुठून आली, मध्येच का गेली, इमारत कधी मिळाली. समितीची पुस्तिका निघेपर्यंत गावाचं नाव आणि शाळेची सालं या नोंदींत लिहायची नाहीत, असं ठरलं आहे.

आलेलं दप्तर : जनरल रजिस्टर ४, फीच्या वह्या ६, डेड स्टॉक रजिस्टर (शाळेच्या सामानाची नोंदवही) १, तपासणीसांच्या शेऱ्यांचं बुक १, दाखल्यांच्या स्थळप्रतींचे गठ्ठे ३, हजेरीपटांचं एक गाठोडं. सगळी मिळून साधारण ३,१०० पानं. ताब्यात घेताना प्रत्येक वहीची पानं मोजली, सुटी पानं वेगळी मांडली, पहिल्या आणि शेवटच्या पानाचा फोटो काढून मुख्याध्यापकांच्या सहीने पोच दिली. ही पोच नसेल तर वर्षभराने "आमचं एक पान कमी आहे" या वाक्याला उत्तर नसतं.

पानांना नंबर टूबी पेन्सिलने, उजव्या वरच्या कोपऱ्यात, अगदी लहान. पेन नाही, स्टिकर नाही. स्टिकरचा डिंक दहा वर्षांत पिवळा पडतो आणि कागद घेऊनच निघतो.

१४ मे २०२४, मंगळवार

सफाई. हवा कोरडी आहे. धूळ झाडायला हे दिवस बरे, पण कागद कडक झालेला असतो, म्हणून पान उलटताना खालून सबंध तळहात घालायचा, कोपरा चिमटीत धरायचा नाही.

दोन इंची बकरीच्या केसांचा ब्रश, शिवणीकडून बाहेर असा एकाच दिशेने. दुमडलेले कोपरे बांबूच्या पातळ पट्टीने उघडायचे. गंजलेल्या टाचण्या ओढायच्या नाहीत. टाचणीखाली पॉलिएस्टरचा तुकडा सरकवून कागद वाचवायचा आणि मग टाचणी हळूच बाहेर घ्यायची. सेलोटेप आहे तिथेच राहू द्यायची. ती काढणं हे जाणकाराचं काम आहे.

वाळवी आणि कसर यांच्या खुणा वेगळ्या. कसर वरचा थर खरवडते, त्यामुळे अक्षर पुसट होतं पण पान टिकतं. वाळवी मातीचे बोगदे करून आरपार जाते. पानांत ताजा बारीक भुसा दिसला तर कीड जिवंत आहे असं धरायचं : वही हवाबंद पिशवीत घालून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे, आणि बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास न उघडता ठेवायची, नाहीतर दव धरतं. डांबरगोळ्या वहीत घालायच्या नाहीत.

सगळ्यात जुनं रजिस्टर सगळ्यात चांगल्या स्थितीत आहे. यात नवल नाही. पहिलं रजिस्टर हातकागदाचं, चिंध्यांच्या लगद्याचं आहे. असा कागद त्या काळी अहमदाबादेला मोठ्या प्रमाणावर होत असे. तिसरं आणि चौथं रजिस्टर गिरणीच्या, लाकडाच्या लगद्याच्या कागदावर आहे. त्यातलं आम्ल कागदाला आतून खातं, कडा बिस्किटासारख्या मोडतात. म्हणून सफाईचा आणि छायाचित्रणाचा क्रम उलटा ठेवला आहे : आधी चौथं, मग तिसरं.

शाई तीन प्रकारची. हिराकस-माजूफळाची शाई आता तपकिरी झाली आहे आणि जिथे लेखणी जड पडली तिथे कागद जळाल्यासारखा भोक पडला आहे. लाल शाई आणि जांभळी कॉपिंग पेन्सिल पाण्याच्या नुसत्या ओल्या बोटानेही पसरते. बोट थुंकीने ओलं करून पान उलटायची सवय असलेल्या कोणालाही या टेबलावर बसवायचं नाही.

२२ मे २०२४, बुधवार

कॅमेऱ्याची मांडणी. रजिस्टरचं पान फुलस्केप, १३.५ × ८.५ इंच. उघडी वही म्हणजे १७ × १३.५ इंच. आपला कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा, ६००० × ४०००. उघडी वही एका फोटोत घेतली तर उंचीला ४००० भागिले १३.५, म्हणजे इंचाला २९६ पिक्सेल, आणि भोवतीची कड धरली तर २८० च्या आसपास. छापील मजकुराला हे चालतं. पण रकान्यात दाटीने बसवलेल्या पेन्सिलच्या शेऱ्याला अपुरं पडतं. एकेक पान उभं घेतलं तर ६००० भागिले १३.५, म्हणजे ४४४; कड धरून ४१०. फोटो दुप्पट, वेळ दुप्पट, पण परत वही उघडावी लागत नाही. एकेक पानच घ्यायचं.

दोन्ही बाजूंनी ४५ अंशांवर एलईडी दिवे. खोलीतली ट्यूबलाइट बंद. काच वर ठेवून पान दाबायचं नाही, शिवण ताणते. वहीच्या दोन्ही बाजूंना फोमचे उतार लावले की वही ११०-१२० अंशांच्या वर उघडत नाही. पहिल्या पानाबरोबर रंगपट्टी आणि पट्टी-मोजमाप.

एका पानाची टिफ (न दाबलेली मूळ प्रतिमा-फाइल) ७२ एमबी. ३,१०० पानांची सुमारे २२३ जीबी. तीन प्रती : दोन वेगवेगळ्या डिस्कवर, एक बडोद्याबाहेर. प्रत्येक फाइलचा चेकसम (फाइल बदलली की बदलणारा पडताळणीचा आकडा) वेगळ्या यादीत, कारण कॉपी करताना बिघडलेली फाइल उघडते आणि अर्धीच दिसते, आणि ते तेव्हा कोणी पाहत नाही.

फाइलचं नाव : रजिस्टर क्रमांक, पान, बाजू. नावात साल घालायचं नाही. सालं अजून ठरायची आहेत.

१ जून २०२४, शनिवार

जनरल रजिस्टर क्रमांक १ वाचायला घेतलं. रकाने नेहमीचेच : अनुक्रम, नाव, जात-धर्म, जन्मठिकाण, वय किंवा जन्मतिथी, आधीची शाळा, दाखल तारीख, इयत्ता, अभ्यास, वर्तणूक, सोडल्याची तारीख, कारण, शेरा.

पहिली नऊ पानं नीट पाहावी लागली. त्यांवरचं वळण एकच, शाई एकच, लेखणीची जाडीही एकच. पण दाखल तारखा काही वर्षांत पसरलेल्या आहेत. रोजच्या रोज भरलेलं रजिस्टर असं दिसत नाही. त्यात दर महिन्याला शाई पातळ-दाट होते, टाक बदलतो, कारकून बदलतो. म्हणजे ही नऊ पानं कुठल्या तरी आधीच्या चोपडीवरून एका बैठकीत उतरवून घेतलेली आहेत. दहाव्या पानापासून खरं रजिस्टर सुरू होतं. दुसरा पुरावा सोडल्याच्या रकान्यात आहे : पहिल्या नऊ पानांतल्या बऱ्याच मुलांच्या दाखल आणि सोडल्याच्या दोन्ही तारखा एकाच शाईत आहेत. दाखल करतानाच मुलगा कधी जाणार हे कोणाला कळत नाही.

यावरून दोन गोष्टी निघतात. रजिस्टरमधली सगळ्यात जुनी तारीख ही शाळा सुरू झाल्याची तारीख धरता येत नाही, कारण उतरवताना जी मुलं आधीच निघून गेली होती त्यांतली काही गाळलेली असणार. आणि ही चोपडी ज्या दिवशी नव्याने मांडली, त्या दिवशी शाळेच्या दर्जात काहीतरी बदल झाला असणार. नवं रजिस्टर उगाच कोणी मांडत नाही. तो बदल शोधायचा.

१३ जून २०२४, गुरुवार

इयत्तांचा घोळ. मुंबई इलाख्यात आणि बडोद्यातही तेव्हा इंग्रजी शिक्षणाच्या सात इयत्ता होत्या आणि त्या देशी भाषेतल्या प्राथमिक चार इयत्तांनंतर सुरू व्हायच्या. पहिली ते तिसरी म्हणजे अँग्लो-व्हर्नाक्युलर, लोकांच्या तोंडी ए. व्ही. स्कूल. चौथी ते सातवी म्हणजे हायस्कूल. सातवी म्हणजे मॅट्रिक. म्हणून रजिस्टरमध्ये "इयत्ता ३" दिसली की ती आजची सातवी, "इयत्ता ४" म्हणजे आजची आठवी, आणि "इयत्ता ७" म्हणजे पुढे अकरावी म्हणून ओळखला गेलेला वर्ग. एक्सेलमध्ये दोन रकाने ठेवले : "लिहिल्याप्रमाणे" आणि "आजच्या हिशोबाने". पहिल्या रकान्याला हात लावायचा नाही.

हे एकदा बसलं की शाळेची वाढ रजिस्टरच्या इयत्तेच्या रकान्यातूनच वाचता येते. दरवर्षीची सगळ्यात वरची इयत्ता काढायची. किती तरी वर्षं ती ३ वर थांबलेली आहे. मग एका वर्षी ४ दिसते, पुढच्या वर्षी ५, मग ६, मग ७. कस्ब्यात हायस्कूल असं बांधलं जायचं : वरचा वर्ग दर साली एक. कारण तिसरी पास झालेल्या मुलांशिवाय चौथीला मुलं नसायची आणि मास्तरही एकदम मिळायचे नाहीत. चौथी पहिल्यांदा दिसते आणि सातवी पहिल्यांदा दिसते, त्यांत तीन वर्षांचं अंतर असलं पाहिजे. ते कमी भरलं तर बाहेरच्या शाळेतून आलेली मुलं थेट वर बसवली आहेत, असं समजून "आधीची शाळा" हा रकाना तपासायचा.

आपल्या शाळेत हे अंतर बरोबर तीन वर्षांचं आहे, आणि नवं रजिस्टर मांडलं ते चौथी उघडली त्याच वर्षी. १ जूनचा प्रश्न सुटला.

२७ जून २०२४, गुरुवार

पाऊस आला. खोलीतली आर्द्रता दोन दिवसांत ८० टक्क्यांच्या वर. आर्द्रता काढणारं यंत्र लावून ५५ वर आणली. वह्या कपाटात, कपाट भिंतीपासून चार इंच पुढे.

आता तारखा. पहिल्या रजिस्टरचा पूर्वार्ध विक्रम संवतात आहे, मधली काही पानं शके धरून, उरलेलं इसवीत. गुजरातचं संवत कार्तिकात बदलतं, आपलं शक चैत्रात. महिने आणि तिथ्या मात्र दोन्हींकडे सारख्याच, कारण दोन्ही अमान्त, म्हणजे महिना अमावास्येला संपवणारे.

संवत १९५१ चं उदाहरण घेऊ. कार्तिकापासून डिसेंबरअखेर ५७ वजा करायचे, म्हणजे १८९४. जानेवारीपासून आसो (आश्विन) अखेरपर्यंत ५६ वजा, म्हणजे १८९५. आसो वद १२, संवत १९५१ ला दाखल झालेला मुलगा आणि कार्तिक सुद २, संवत १९५२ ला दाखल झालेला मुलगा यांत पाचेक दिवसांचं अंतर आहे, वर्षाचं नाही. शके १८१७ म्हणजे १८९५ च्या चैत्रापासून १८९६ च्या फाल्गुनापर्यंत.

इंटरनेटवरचे बहुतेक कन्व्हर्टर उत्तरेची पद्धत धरतात. तिथे संवत चैत्रात बदलतं, म्हणून जेठ संवत १९५१ टाकलं की ते १८९४ दाखवतात. आपल्याला हवं असतं १८९५. शिवाय महिना पौर्णिमेला संपवतात, म्हणून वद पक्षातली तिथी आणखी एक महिना मागे जाते. सुद पक्षात एक वर्षाची चूक, वद पक्षात एक वर्ष आणि एक महिन्याची. ही चूक सगळ्या नोंदींत सारखी नसते, त्यामुळे नंतर एका फटक्यात दुरुस्तही करता येत नाही. कन्व्हर्टरमध्ये "गुजरात, कार्तिकादी, अमान्त" असा पर्याय नसेल तर तो वापरायचाच नाही. जिथे तिथीबरोबर वार लिहिला आहे तिथे वार जुळवून पाहायचा.

आणखी एक सापळा. "१९५६" असा आकडा शेऱ्यात दिसला की टंकणारा तो इसवी समजतो. पहिल्या रजिस्टरमध्ये १९४० ते १९६० मधलं कुठलंही साल संवत आहे. एक्सेलमध्ये तसा नियमच लावला : रजिस्टर १ मध्ये असं साल आलं की तांबडा रंग.

८ जुलै २०२४, सोमवार

आकडे वाचण्याची अडचण. गुजराती पाचचा आकडा आणि गुजराती "प" हे अक्षर हाताच्या लिखाणात एकच दिसतात. दोनचा आकडा आणि "र" तर तंतोतंत सारखे. फीच्या वहीत रकमेआधी रुपयाचा "र" लिहिलेला असतो, तो आकड्यात धरला की दोन रुपये बावीस होतात. बेरजेच्या ओळीने पडताळायचं. पानाखालची बेरीज जुळली नाही तर आधी हेच पाहायचं.

उभ्या रेघा : एक रेघ पावली, दोन रेघा आठ आणे, तीन रेघा बारा आणे. "१॥" म्हणजे दीड रुपया. नवीन मुलं ते १११ वाचतात. सोळा आण्यांचा रुपया आणि बारा पैंचा आणा, हे एक्सेलला दशांशात सांगायचं नाही. रुपये, आणे, पै असे तीन रकाने. शिवाय सुरुवातीच्या वह्यांत बाबाशाही, म्हणजे संस्थानचा स्वतःचा रुपया आहे आणि पुढच्या वह्यांत इंग्रजी कलदार. दोहोंची किंमत एक नव्हती. फीची वाढ-घट दाखवणारा आलेख या दोन तुकड्यांना जोडून काढायचा नाही.

नावं. गुजराती मुलाचं नाव आणि बापाचं नाव, बस. आडनाव बहुतेक वेळा नाहीच. एका पानावर तीन "छगन मगन" असू शकतात. जनरल रजिस्टरचा नंबर हीच ओळख धरायची, पण तोही एकदा पुन्हा १ पासून सुरू झाला आहे : १ मे १९४९ ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, त्यानंतरच्या रजिस्टरला नवी मालिका आहे. म्हणून ओळख म्हणजे रजिस्टर क्रमांक अधिक अनुक्रम, दोन्ही मिळून.

प्रत्येक पान दोघांनी वेगवेगळं टंकायचं आणि मशीनने ताडायचं. जुळलं नाही तर तिसऱ्याने मूळ फोटो पाहून ठरवायचं. पुसट हिराकशी शाईसाठी ३६५ नॅनोमीटरचा यूव्ही टॉर्च : कागद उजळतो, शाई काळी दिसते. खोडलेल्या पेन्सिलसाठी दिवा पानाला जवळजवळ समांतर धरायचा, उठाव दिसतो.

२३ जुलै २०२४, मंगळवार

मॅट्रिक. परीक्षा मुंबई विद्यापीठाची. बडोद्याला स्वतःचं विद्यापीठ मिळालं ते १९४९ मध्ये. परीक्षा शेजारच्या मोठ्या केंद्रावर द्यावी लागे आणि एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ती हिवाळ्याच्या तोंडावर होत असे. राजकोटच्या हायस्कुलातल्या गांधीजींनी ती नोव्हेंबर १८८७ मध्ये अहमदाबादला जाऊन दिली.

हे लक्षात न घेता सातवीतल्या मुलांची "सोडल्याची तारीख" पाहिली की सगळीच मुलं शाळा अर्धवट सोडून गेल्यासारखी दिसतात, कारण नावं हिवाळ्यात कमी झालेली आहेत आणि आपल्या डोक्यात वर्ष जूनला सुरू होतं. कारणाच्या रकान्यात "परीक्षेस गेला" असं असेल तर ती गळती नाही. पहिल्या सातवीतली मुलं मोजकीच आहेत. ती केंद्रावर गेली, हे जनरल रजिस्टर आणि शेरेबुक दोन्ही सांगतात.

१९४९ पासून ही परीक्षा विद्यापीठाकडून एस. एस. सी. बोर्डाकडे गेली. चौथ्या रजिस्टरमध्ये दाखल्याचा छापील नमुना याच सुमारास बदलतो.

६ ऑगस्ट २०२४, मंगळवार

कस्ब्यातून इमारतीचे फोटो आले. हॉलच्या दारावर संगमरवरी पाटी, त्यावर सुवर्णमहोत्सव आणि १९२६. गावात पिढ्यान् पिढ्या असं समजतात की १९२६ ला शाळेला पन्नास वर्षं झाली, म्हणजे शाळा १८७६ ची. समितीच्या मसुद्यातही तेच साल आहे.

तो सुवर्णमहोत्सव शाळेचा नाही. तो सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीचा आहे. ते २७ मे १८७५ ला दत्तक आले आणि त्याच वर्षी गादीवर बसले, जानेवारी १९२६ मध्ये पन्नास वर्षांचा महोत्सव संस्थानभर झाला आणि १९३६ मध्ये हीरकमहोत्सव. या दोन्ही निमित्तांनी गावोगाव इमारती, वाचनालयं, विहिरी बांधल्या गेल्या आणि प्रत्येकीवर तशी पाटी आली. बडोदे संस्थानातल्या कुठल्याही गावात "सुवर्ण" किंवा "हीरक" वाचलं की आधी महाराजांचं साल आठवायचं, मग संस्थेचं.

१८७६ ला संस्थानात काय चाललं होतं तेही पाहावं. मल्हारराव १८७५ ला पदच्युत झालेले, महाराज तेरा वर्षांचे, राज्य दिवाण टी. माधवराव चालवत होते. महाराजांना पूर्ण अधिकार २८ डिसेंबर १८८१ ला मिळाले आणि बडोदे कॉलेजही त्याच सुमाराला उभं राहिलं. राजधानीच्या कॉलेजच्या आधी लहान कस्ब्यात पूर्ण हायस्कूल असणं जवळपास अशक्य. ए. व्ही. वर्ग असू शकतो. पण रजिस्टर, शेरेबुक आणि संस्थानचे वार्षिक अहवाल यांपैकी एकही १८७६ ला दुजोरा देत नाही. समितीला हे आजच कळवलं, कारण निमंत्रणपत्रिका छापायला जाणार होती.

अहवाल वाचताना संस्थानचं सरकारी वर्ष १ ऑगस्ट ते ३१ जुलै आहे, हे विसरायचं नाही. "१९०६-०७" च्या कोष्टकातला पट आणि रजिस्टरमधला डिसेंबरचा पट कधीच जुळणार नाहीत.

२ सप्टेंबर २०२४, सोमवार

जन्माष्टमीपासून विश्वामित्रीने धोक्याची पातळी ओलांडली, शहराचा मोठा भाग पाण्यात होता. वह्या पहिल्या मजल्यावर असल्याने भिजल्या नाहीत. पण वीज गेली, यंत्र बंद पडलं आणि आर्द्रता ८८ पर्यंत चढली. तिसऱ्या रजिस्टरच्या पुठ्ठ्यावर पांढरी बुरशी.

काय केलं : ती वही वेगळ्या खोलीत, पंख्याची झोत थेट वहीवर न टाकता. दर आठ पानांनंतर टीपकागद, तो चार तासांनी बदलायचा. बुरशी ओली असताना ब्रश लावला नाही. ओली बुरशी घासली की कागदात शिरते. पूर्ण वाळून भुकटी झाल्यावर, मास्क घालून, बाहेरच्या बाजूला झाडली. उन्हात एकही पान ठेवलं नाही. ऊन लागलं की हिराकशी शाई आणखी फिकी होते आणि गिरणीचा कागद आणखी कडक.

यापुढे पावसाळ्यात कपाटात सिलिका जेलच्या अर्ध्या-अर्ध्या किलोच्या पिशव्या. रंग बदलला की भाजून परत. विजेवर भरवसा ठेवायचा नाही.

१७ सप्टेंबर २०२४, मंगळवार

मुलं कुठून आली. बहुतेक कस्ब्यातली आणि आजूबाजूच्या चार-सहा कोसांतल्या खेड्यांतली, पाटीदार, बनिया, ब्राह्मण, थोडे वोरा. पण एक गट वेगळा उठून दिसतो : जातीच्या रकान्यात "दक्षिणी", म्हणजे मराठी घरांतली. वहिवाटदार (तालुक्याचे महसूल अधिकारी), फौजदार, मुन्सफ, कारकून यांची मुलं. ही एकेकटी येत नाहीत, भाऊ-भाऊ एकाच तारखेला येतात आणि एकाच तारखेला जातात, आणि कारण असतं "बदली". संस्थानच्या आज्ञापत्रिकेतल्या (सरकारी गॅझेटातल्या) बदल्यांशी ताडलं की कोण कुठल्या प्रांतात गेला ते कळतं : बडोदे, कडी, नवसारी, अमरेली. शाळेसाठी याचा अर्थ मोठा होता. वरच्या वर्गांत पाच-सात मुलं असताना एका वहिवाटदाराची बदली झाली की सहावीचा वर्गच अर्धा व्हायचा. शेरेबुकात एका तपासणीसाने वरचे वर्ग चालू ठेवण्याबद्दल शंका घेतली आहे. त्याच महिन्यात रजिस्टरमध्ये एका घरची तीन नावं कमी झालेली आहेत. दोन दप्तरं शेजारी ठेवल्याशिवाय हे दिसत नाही.

संवत १९५६, म्हणजे १८९९-१९०० चा छपन्नाचा दुष्काळ. "गाम छोडी गया" अशा शेऱ्यांची रांग लागते, मग नुसतंच "गेरहाजर". संस्थानची लोकसंख्या १८९१ ला २४,१५,३९६ होती, १९०१ ला १९,५२,६९२. पाच माणसांत जवळजवळ एक कमी. मुंबईत १८९६ ला आलेला प्लेगही पुढे इकडे पसरला आणि त्या वर्षांच्या हजेरीपटांत आठवडेच्या आठवडे कोरे आहेत. त्या काळात पट घसरला म्हणून शाळा चांगली चालत नव्हती, असं लिहिणाऱ्या जुन्या लेखांवर विश्वास ठेवू नये.

मुली. सक्तीचं शिक्षण अमरेली तालुक्यात १८९३ ला आणि सबंध संस्थानात १९०६ ला आलं. १९०६ च्या कायद्यात मुलांचं वय ७ ते १२, मुलींचं ७ ते १०. कायद्याची पकड दहाव्या वर्षी सुटायची, आणि इंग्रजी पहिली त्याच्या आसपास सुरू व्हायची. हायस्कुलाच्या रजिस्टरमध्ये मुलींची नावं इतक्या उशिरा का दिसतात, याचं निम्मं उत्तर या आकड्यांत आहे. पहिल्या मुलीचं नाव सापडलं आहे. तिने मॅट्रिकपर्यंत मजल मारली. तिचं नाव पुस्तिकेत पहिल्या पाच पानांत यायला हवं, असं समितीला लिहिलं.

५ ऑक्टोबर २०२४, शनिवार

डेड स्टॉक रजिस्टर. याला कोणी विचारत नाही आणि इमारतीबद्दल सगळ्यात जास्त हेच बोलतं.

एक पान असं. वरच्या ओळी : खडूचे काळे तक्ते २, घड्याळ १, घंटा काशाची १, नकाशा हिंदुस्थानचा १, नकाशा मुंबई इलाख्याचा १, पृथ्वीचा गोल १ ("आंस मोडका" असा शेरा). मग जरा जागा सोडून वेगळ्या शाईत : बाकं चार मुलांची १२. पुन्हा जागा सोडून : बाकं चार मुलांची ८, मास्तरांची खुर्ची ३, मोजणीची साखळी १, प्रयोगाचं कपाट काचेचं १. पानाच्या कडेला पेन्सिलने "नवे मकानात नेले" आणि खाली आद्याक्षरं.

ही पेन्सिलची ओळ म्हणजे इमारतीत राहायला गेल्याचा पुरावा, आणि ती हॉलच्या पाटीच्या साताठ वर्षं आधीची आहे. पाटी हॉलची आहे, शाळेच्या मूळ खोल्यांची नाही. बाकांचे टप्पेही बोलतात : चौघांचं एक बाक धरलं तर बारा बाकांवर ४८ मुलं, आणखी आठ आली की ८०. वरचे दोन वर्ग उघडल्याच्या वर्षाशी ते जुळतं. प्रयोगाचं कपाट आलं म्हणजे विज्ञान पाठांतरातून टेबलावर आलं, निदान एका कपाटापुरतं. त्याआधी शाळा कुठे भरत होती? भाड्याच्या पावत्या फीच्या वह्यांत खोवलेल्या सापडल्या : आधी एका धर्मशाळेच्या ओवऱ्या, मग एका सावकाराच्या वाड्याचा माळा.

१९ ऑक्टोबर २०२४, शनिवार

काय उघडं करायचं यावर बैठक. १९४९ नंतरच्या रजिस्टरांतली नावं जालावर टाकायची नाहीत. त्यातली बरीच माणसं हयात आहेत. आधीच्या रजिस्टरांतला जातीचा रकाना अभ्यासकाला खोलीत बसून पाहता येईल, सार्वजनिक प्रतीत नाही. त्यात असे शब्द आहेत जे आज कोणाच्याही पणतूला वाचायला लागू नयेत. वर्तणुकीचा रकानाही तसाच झाकला. गळतीचे आणि इयत्तांचे तक्ते मात्र सगळ्यांना.

१४ नोव्हेंबर २०२४, गुरुवार

समितीला टिपण दिलं. एकच तारीख मागितली होती, चार दिल्या आहेत आणि चारही पुस्तिकेत छापाव्यात असं स्पष्ट लिहिलं आहे. पहिली, ए. व्ही. वर्ग सुरू झाल्याची : पुरावा एकच, उतरवून घेतलेली नऊ पानं, म्हणून "च्या सुमारास". दुसरी, चौथी उघडल्याची : रजिस्टर आणि आज्ञापत्रिका दोन्ही, पक्की. तिसरी, पहिली मॅट्रिक : रजिस्टर आणि शेरेबुक, पक्की. चौथी, स्वतःच्या इमारतीत गेल्याची : डेड स्टॉकवरची पेन्सिलची ओळ आणि भाड्याच्या पावत्या थांबल्याचा महिना, पक्की. महोत्सव दुसऱ्या तारखेवर करावा. हायस्कूल ही संस्था त्या दिवशी जन्मली. पहिली तारीख गावातल्या इंग्रजी शिक्षणाची आहे आणि तिलाही पुस्तिकेत स्वतंत्र प्रकरण मिळावं, कारण चार-पाच मास्तरांनी किती तरी वर्षं ती तिसरीपर्यंतची शाळा चालवली म्हणून चौथी उघडता आली.

मूळ दप्तर परत जाताना : प्रत्येक वही आम्लरहित पुठ्ठ्याच्या पेटीत, आडवी, एकावर एक दोनपेक्षा जास्त नाहीत. तिसरं रजिस्टर सगळ्यात वर, म्हणजे पाहणी करताना आधी तेच हाताला लागेल. लोखंडी कपाट, खालचा कप्पा रिकामा. पाहणी वर्षातून दोनदा : होळीनंतर कसरीसाठी, नवरात्रात बुरशीसाठी. हजेरीपटांचं गाठोडं अजून वरवरच चाळलेलं आहे. ते मार्चपासून घ्यायचं, आणि घेताना प्लेगच्या वर्षांचे पट आधी.